सूर्य आणि चंद्र एकाच मापाचे का दिसतात? विजयदुर्गला आलेल्या एका साहेबाची गोष्ट

दरवर्षी १८ ऑगस्ट जवळ आला की आमच्या फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड येतो. वर विजयदुर्ग किल्ल्याचा फोटो आणि खाली मजकूर असा की १८६८ साली याच दिवशी नॉर्मन लॉकियर नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने या किल्ल्यावरून खग्रास सूर्यग्रहण बघितलं आणि हेलियमचा शोध लावला. पाठवणारा माझा मामा, राहणार देवगड. विजयदुर्ग त्याच्याच तालुक्यातला, त्यामुळे अभिमान असणारच. लहानपणी त्याच्याबरोबर मीही किल्ल्यावरचे ते 'साहेबाचे ओटे' बघितले आहेत. साहेबाने इथे दुर्बीण लावली होती, एवढंच तेव्हा कळलं होतं.

नोकरीला लागल्यावर एका वर्षी तो फॉरवर्ड वाचताना एक साधी शंका आली. वायू शोधायला ग्रहण कशाला लागतं? इंजिनिअरिंगला चार वर्षं घालवून मला याचं उत्तर देता येईना, म्हणून वाचायला बसलो. दोन गोष्टी हाती लागल्या. एक म्हणजे या शोधाच्या मुळाशी आकाशातला एक मोठा योगायोग आहे: पृथ्वीवरून सूर्य आणि चंद्र जवळपास एकाच मापाचे दिसतात. दुसरी म्हणजे मामाच्या फॉरवर्डमधलं साल चुकलेलं आहे. ही दुसरी गोष्ट मामाला सांगायला मला बराच धीर गोळा करावा लागला. त्याबद्दल पुढे.

आधी एक रुपयाचं नाणं घ्या

एक रुपयाचं साधारण २२ मिलीमीटर व्यासाचं नाणं घ्या. पौर्णिमेला चंद्र उगवून थोडा वर आला की गच्चीत कुणाला तरी ते नाणं धरून उभं करा आणि तुम्ही एक डोळा मिटून मागे मागे सरका. साधारण २.४ मीटरवर नाण्याने चंद्र बरोबर झाकला जातो. अजून मागे गेलात तर नाण्याच्या कडेने चंद्र डोकावायला लागतो. (हा प्रयोग फक्त चंद्रावर. सूर्याकडे उघड्या डोळ्याने किंवा मोबाइलच्या झूममधून बघायचं नाही, डोळा आणि कॅमेरा दोन्ही जातील.)

डोळ्याला वस्तूचा खरा आकार कळत नाही, फक्त कोन कळतो. ट्रिपला गेल्यावर मावळता सूर्य तळहातावर ठेवल्याचे फोटो आपण काढतोच, ती हीच युक्ती. कोन किती, हे ठरतं वस्तूचा व्यास आणि तिचं अंतर यांच्या गुणोत्तरावरून. आता खरे आकडे बघा. सूर्याचा व्यास सुमारे १३ लाख ९२ हजार किलोमीटर आणि अंतर सरासरी १४ कोटी ९६ लाख किलोमीटर. म्हणजे सूर्य स्वतःच्या व्यासाच्या साधारण १०७ पट लांब आहे. चंद्राचा व्यास ३,४७४ किलोमीटर आणि सरासरी अंतर ३ लाख ८४ हजार किलोमीटर, म्हणजे साधारण १११ पट. सूर्य चंद्राच्या ४०० पट मोठा आहे, पण तो ३९० पट लांबही आहे. दोन्ही गोष्टी एकमेकींना खोडतात आणि आपल्याला दोघेही जेमतेम अर्ध्या अंशाचे दिसतात.

कोडमध्ये दोन वेगवेगळ्या ठिकाणी एकच आकडा दिसला की आपण समजतो, कुणीतरी तो मुद्दाम तिथे ठेवलाय. मीही आधी कारण शोधत बसलो. गुरुत्वाकर्षणाचा काही नियम असेल, कक्षेचं काही गणित असेल. तसं काही नाही. चंद्र तयार झाला तेव्हा पृथ्वीच्या खूप जवळ होता आणि आजच्यापेक्षा कितीतरी मोठा दिसत असणार. भरती-ओहोटीमुळे पृथ्वीचं फिरणं सावकाश मंदावतं आणि चंद्र दरवर्षी सुमारे ३.८ सेंटिमीटर दूर जातो. अपोलो मोहिमांनी चंद्रावर ठेवलेल्या आरशांवर लेसर सोडून हे मोजलं गेलंय. अंदाजे ६० कोटी वर्षांनी चंद्र इतका लहान दिसेल की खग्रास ग्रहण होणारच नाही. आपण मधल्या काळात जन्माला आलो, एवढंच. मंगळावर उभं राहिलं तर फोबोस हा उपग्रह सूर्यासमोरून जाताना दिसतो, पण तो सूर्य पुरता झाकू शकत नाही. तिथल्या रोव्हरनी त्याचे फोटो पाठवले आहेत, बटाट्यासारखा काळा तुकडा सरकताना दिसतो.

आणि 'एकाच मापाचे' म्हणतानाही थोडं जपून बोलायला हवं. चंद्राची कक्षा लंबवर्तुळाकार आहे. तो कधी ३ लाख ५६ हजार किलोमीटरपर्यंत जवळ येतो, कधी ४ लाख ७ हजारांपर्यंत लांब जातो. जवळ असताना ग्रहण झालं तर खग्रास. लांब असताना झालं तर चंद्र अपुरा पडतो आणि भोवती कंकण उरतं. २६ डिसेंबर २०१९ चं ग्रहण तुम्हाला आठवत असेल. आपल्याकडे ते खंडग्रास दिसलं, ऑफिसच्या गच्चीत एकच चष्मा सहा जण फिरवत होतो. केरळच्या कासरगोड जिल्ह्यात मात्र कंकणाकृती दिसलं. याच कासरगोड जिल्ह्यात बेकलचा किल्ला आहे. १२ डिसेंबर १८७१ ला तिथून एका माणसाने सूर्य पूर्ण झाकला गेलेला बघितला होता. तेच आकाश, तोच चंद्र, फरक फक्त त्या दिवशीच्या अंतराचा. तो माणूस म्हणजे आपला लॉकियर.

दिवसा फाइल, रात्री दुर्बीण

जोसेफ नॉर्मन लॉकियरचा जन्म १७ मे १८३६ चा, इंग्लंडमधल्या रग्बी गावचा. वडील डॉक्टरी आणि औषधांचा व्यवसाय करायचे, त्यांना विजेच्या तारायंत्राचा नाद होता. मुलाने विद्यापीठात पाऊल टाकलं नाही. १८५७ साली तो लंडनच्या युद्ध खात्यात कारकून म्हणून लागला. मला हा माणूस आवडायला इथूनच सुरुवात झाली. पदवी नाही, प्रयोगशाळा नाही, सकाळी ऑफिस, आणि संध्याकाळी घरच्या बागेत सव्वासहा इंची दुर्बीण. १८५८ साली विनिफ्रेड जेम्सशी त्याचं लग्न झालं. तिने फ्रेंचमधली विज्ञानाची पुस्तकं इंग्रजीत आणली. त्या घरात पोरंबाळं, फाइली आणि तारे हे सगळं एकाच वेळी चालू होतं.

तो काळ स्पेक्ट्रोस्कोपचा होता. प्रकाश लोलकातून पाठवला की त्याचा पट्टा होतो, म्हणजे वर्णपट. तापवलेल्या वायूचा प्रकाश असेल तर अख्खा पट्टा न दिसता ठरावीक जागी चमकदार रेषा दिसतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषांची जागा ठरलेली, अगदी दुकानातल्या बारकोडसारखी. १८५९-६० मध्ये किर्खहोफ आणि बुन्सेन या दोघा जर्मनांनी हे पक्कं केलं. त्याआधी सूर्य कशाचा बनलाय हे कधीच कळणार नाही, असं मोठमोठे विचारवंत समजत होते. आता सूर्याला हात न लावता त्याचा बारकोड स्कॅन करता येणार होता.

इथे आपला योगायोग कामाला येतो. सूर्याचा पृष्ठभाग इतका झगझगीत आहे की त्याच्या कडेला काय चाललंय ते काहीच दिसत नाही. त्या कडेला वायूचा एक पातळ थर आहे, दोन-तीन हजार किलोमीटर जाडीचा. सूर्याच्या मानाने हे म्हणजे आंब्यावरची साल. त्यातून अधूनमधून हजारो किलोमीटर उंच गुलाबी ज्वाला उठतात. चंद्र सूर्यापेक्षा खूपच लहान दिसत असता तर झगझगाट कधीच पूर्ण झाकला गेला नसता. खूपच मोठा दिसत असता तर झगझगाटाबरोबर ही सालही लगेच झाकली गेली असती आणि ज्वाला चारी बाजूंनी एकदम कधीच दिसल्या नसत्या. आहे त्या मापामुळे चंद्र आंबा झाकतो आणि साल उघडी ठेवतो. वायू शोधायला ग्रहण का लागतं, या माझ्या शंकेचं अर्धं उत्तर इथे मिळालं.

पण ही सोय फार महागडी आहे. खग्रास स्थिती जास्तीत जास्त साडेसात मिनिटं टिकते, बहुतेक वेळा दोन-तीनच. तीही पृथ्वीवरच्या एका चिंचोळ्या पट्ट्यात, आणि ढग आले की संपलं. लंडनमधल्या कारकुनाला रजा कोण देणार आणि बोटीचं भाडं कोण भरणार?

ग्रहणाशिवाय ग्रहण

१८६६ साली लॉकियरने सूर्यावरच्या डागांचा वर्णपट तपासला आणि त्याच सुमाराला त्याला एक कल्पना सुचली. माझ्या मते त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम हेच.

कल्पना अशी. सूर्याच्या कडेला आपल्याला त्रास देतो तो आकाशातला पसरलेला उजेड. त्या उजेडात सगळे रंग आहेत. एकामागे एक जास्त लोलक लावून तो आणखी ताणला तर तो लांबलचक पट्टीवर पसरतो आणि फिका पडतो, जसा लोण्याचा तेवढाच गोळा मोठ्या भाकरीला लावला की पातळ होतो. ज्वालांचा प्रकाश मात्र मोजक्या रेषांतच असतो. ताणल्यावर त्या रेषा एकमेकींपासून लांब जातात, पण प्रत्येक रेषा तेवढीच ठळक राहते. म्हणजे पुरेसं ताणलं की मागचा गोंगाट बसतो आणि रेषा वर येतात. गाण्याच्या ॲपमध्ये इक्वलायझर असतो, त्यात सगळे बँड खाली करून एकच वर ठेवला की गर्दीतून एकटी शिट्टी ऐकू यावी, तसं काहीसं. चंद्राची गरजच नाही!

यासाठी ताकदवान स्पेक्ट्रोस्कोप हवा होता. रॉयल सोसायटीमार्फत पैसे मिळाले, ऑर्डर गेली, आणि मग तेच झालं जे आपल्या प्रोजेक्टमध्ये होतं. डिलिव्हरी लांबली. महिने गेले. दरम्यान १८ ऑगस्ट १८६८ उजाडला आणि खग्रास ग्रहणाचा पट्टा भारतावरून गेला. बघायला युरोपातून लोक आले होते. लेफ्टनंट जॉन हर्शेल पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात होता, फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ पिएर जानसेन आंध्रातल्या गुंटूरला. ज्वालांचा वर्णपट बघून त्या वायूच्या आहेत हे सगळ्यांना कळलं. जानसेनला रेषा इतक्या ठळक दिसल्या की ग्रहण सुटल्यावरही त्या दिसतील असं त्याला वाटलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या खरंच दिसल्या. लॉकियरला दोन वर्षांपूर्वी सुचलेली युक्ती जानसेनला गुंटूरमध्ये स्वतंत्रपणे सापडली.

आणि लॉकियर कुठे होता? इंग्लंडमध्ये, यंत्राची वाट बघत. यंत्र ऑक्टोबरच्या मध्यावर हातात आलं. २० ऑक्टोबर १८६८ ला, आकाशात चंद्राचा काही संबंध नसताना, त्याने लंडनमधूनच सूर्याच्या कडेची ज्वाला पकडली. थोड्याच दिवसांत त्याला कळलं की अशा वायूचा थर सूर्याभोवती सगळीकडे आहे. त्या थराला त्याने 'क्रोमोस्फिअर' हे नाव दिलं, ते आजही चालतं. त्याचं पत्र आणि गुंटूरहून समुद्रमार्गे आलेलं जानसेनचं पत्र पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच बैठकीत वाचलं गेलं. आधी कोण, यावरून भांडण पेटायला उत्तम संधी होती. पण फ्रेंचांनी पुढे दोघांचेही चेहरे असलेलं पदक काढलं आणि दोघे आयुष्यभर मित्र राहिले.

ती पिवळी रेषा

त्या वर्णपटात एक पिवळी रेषा होती. ऑगस्टमध्ये भारतात ज्यांनी ती बघितली, त्यातल्या बऱ्याच जणांना ती सोडियमची वाटली. सोडियमच्या दोन पिवळ्या रेषा प्रसिद्धच आहेत, डी-१ आणि डी-२, जुन्या रस्त्यावरच्या पिवळ्या दिव्यांचा रंग त्यांचाच. ग्रहणाच्या धावपळीत, काही मिनिटांत, घामेजल्या हातांनी मोजमाप करताना एवढा फरक कुणाला कळणार? लॉकियरकडे मात्र वेळच वेळ होता. त्याला रोज उठून ती रेषा मोजता येत होती. ती सोडियमच्या जागेवर नव्हती, थोडी बाजूला होती. आजच्या मापाने ५८७.६ नॅनोमीटर, तर सोडियमच्या ५८९.० आणि ५८९.६. तिला डी-३ म्हणायला लागले. एडवर्ड फ्रँकलंड या रसायनशास्त्रज्ञाबरोबर त्याने प्रयोगशाळेत ती रेषा काढून बघण्याचा प्रयत्न केला. हायड्रोजनवर दाब वाढवला, तापमान बदललं, काही केल्या ती उमटेना. तेव्हा हे पृथ्वीवर न सापडलेलं मूलद्रव्य असावं, असा निष्कर्ष उरला. ग्रीक सूर्यदेव हेलिओस, त्यावरून हेलियम.

लोक हसले. एका रेषेवरून मूलद्रव्य? कुणी पाहिलंय, कुणी तोललंय? हा संशय रास्तच होता, असं मला वाटतं, कारण त्या काळात वर्णपटात नवी रेषा दिसली की नवं मूलद्रव्य जाहीर करायची साथच आली होती आणि बहुतेक दावे पुढे फुसके निघाले. लॉकियरला २६ वर्षं वाट बघावी लागली. मार्च १८९५ मध्ये विल्यम रॅमझेने युरेनियमच्या एका खनिजातून निघालेला वायू तपासला आणि त्यात ती पिवळी रेषा दिसली. खातरी करायला त्याने नमुने पाठवले त्यात एक लॉकियरकडे गेला. ज्या रेषेवर जगाने अडीच दशकं विश्वास ठेवला नाही, ती साठीला आलेल्या लॉकियरने स्वतःच्या टेबलावरच्या काचनळीत चमकताना बघितली.

तरीही त्याने ग्रहणं सोडली नाहीत

युक्ती सापडल्यावर ग्रहणामागे धावायची गरज संपली असेल, असं मला वाटलं होतं. तसं झालं नाही. क्रोमोस्फिअर आणि ज्वालांना ती युक्ती चालते, कारण त्यांचा प्रकाश रेषांमध्ये असतो. त्याच्याही बाहेर सूर्याचा करोना आहे (हो, विषाणूचं नाव त्याच्यावरूनच आलंय). करोनाचा बराचसा प्रकाश सगळ्या रंगांचा आणि अतिशय मंद, सूर्यबिंबाच्या लाखाव्या भागाहूनही कमी. तो ताणला तर तोही आकाशाच्या उजेडाबरोबर फिका पडतो. तिथे चंद्रच हवा.

म्हणून लॉकियर निघाला. डिसेंबर १८७० मध्ये सिसिलीला जाताना 'सायकी' ही बोटच किनाऱ्यावर खडकात अडकली. माणसं आणि यंत्रं वाचली, पण ग्रहणाच्या वेळी ढगांनी घात केला. पुढच्याच वर्षी बेकल, तिथे आकाश स्वच्छ मिळालं. १८८२ ला इजिप्त. १८८६ ला वेस्ट इंडीजमधलं ग्रेनाडा. १८९६ ला नॉर्वेचं उत्तर टोक, पुन्हा ढग. इतका खर्च, इतका प्रवास, आणि हिशेब केला तर सगळ्या आयुष्यात मिळून मिळालेली खग्रास स्थिती फक्त काही मिनिटांची. मी एकदा चार तास गाडी चालवून उल्कावर्षाव बघायला गेलो होतो, धुकं पडलं म्हणून आठवडाभर चिडचिड करत होतो. असो.

आता विजयदुर्ग. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाचा पट्टा कोकणच्या किनाऱ्यावरून देशावर जाणार होता. मुंबई-पुण्यात प्लेग चालू होता, पुण्यात रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या त्याला बरोबर सात महिने झाले होते. अशा दिवसांत हे साहेब लोक यंत्रांच्या पेट्या घेऊन उतरले. सोलापूरकडे जेऊरला अमेरिकेच्या लिक वेधशाळेचा कॅम्पबेल होता. जेऊरलाच पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला आपली यंत्रं घेऊन बसले होते. हे नाव आपल्या फॉरवर्डमध्ये कधी येत नाही, यायला हवं. पुण्यात वेधशाळा उभारणारे हे गृहस्थ त्याआधी इंग्लंडला जाऊन लॉकियरच्या हाताखाली वर्णपटाचं काम शिकून आले होते, आणि जेऊरच्या निरीक्षणांचा अहवाल त्यांनी छापून प्रसिद्ध केला.

लॉकियरने विजयदुर्ग निवडला. तो आता सर नॉर्मन होता, वय ६१. मदतीला मुलगा विल्यम, सहकारी फाउलर आणि 'मेल्पोमीन' या युद्धनौकेवरचे अधिकारी-खलाशी. यंत्रं हलू नयेत म्हणून किल्ल्यात पक्के ओटे बांधले, तेच आपले साहेबाचे ओटे. दिवसच्या दिवस तालीम चालली: कोण सेकंद मोजणार, कोण काच सरकवणार, कोण करोनाचं चित्र काढणार. खलाशी या कामाला फार उपयोगी पडतात असा त्याचा अनुभव होता, हुकूम मिळाला की हात आपोआप चालतात. ग्रहण दुपारचं, जानेवारीचं कोकणातलं निरभ्र आकाश, हातात दोन मिनिटांच्या आसपासचा वेळ.

त्या दोन मिनिटांत त्याचं आवडतं यंत्र होतं प्रिझ्मॅटिक कॅमेरा, म्हणजे लोलक लावलेला कॅमेरा. एरवी स्पेक्ट्रोस्कोपला बारीक फट लागते, त्या फटीच्या आकाराच्या रेषा पडतात. या कॅमेऱ्याला फट नव्हती. चंद्राने सूर्य झाकला की कडेला क्रोमोस्फिअरची जी केसासारखी कोर उरते, तीच फटीचं काम करते. प्रत्येक रंगात त्या कोरीचं एकेक चित्र उमटतं आणि काचेवर नुसत्या कमानी दिसतात, कुठली हायड्रोजनची, कुठली कॅल्शियमची, कुठली हेलियमची. माप जुळण्याचा योगायोगच इथे यंत्राचा एक सुटा भाग झाला होता. हे वाचलं तेव्हा मी मामाला फोन लावला.

मामा आधी चिडला. ओटे आम्ही लहानपणापासून बघतोय आणि तू तिकडे बसून इंटरनेटवर वाचून सांगणार का, असा एकूण सूर. मी म्हटलं, ओटे खरेच आहेत, साहेबही खराच आहे, फक्त तो ३० वर्षांनी आला. मग मी त्यालाच विचारलं की ऑगस्टच्या मध्यावर विजयदुर्गला सूर्य किती वेळा दिसतो. यावर मामा जरा गप्प झाला. मग त्याने जो प्रश्न विचारला तो मला अजून टोचतो. मग आमच्या किल्ल्याचा हेलियमशी संबंध काय राहिला? मी म्हणालो, शोध लंडनला लागला, पण १८९८ ला हेलियम हे सिद्ध झालेलं मूलद्रव्य होतं आणि तुझ्या किल्ल्यावरून त्याच्या रेषा टिपल्या गेल्या, त्याही ज्याने तो शोधला त्याच माणसाच्या तुकडीकडून. मामाला हे पुरेसं वाटलं नाही, आवाजावरून कळलं.

बाकीचा लॉकियर

हा माणूस सरळसोट नायक नव्हता. ४ नोव्हेंबर १८६९ ला त्याने 'नेचर' हे साप्ताहिक सुरू केलं आणि ५० वर्षं चालवलं. आज शास्त्रज्ञांना त्यात एक लेख छापून यावा म्हणून आयुष्य खर्ची घालावं लागतं, पण सुरुवातीची कित्येक वर्षं ते तोट्यात होतं आणि प्रकाशक मॅकमिलन यांनी पदरमोड करून ते जगवलं. लॉकियर संपादक म्हणून भांडकुदळ होता, अनेकांशी त्याचं बिनसलं. विज्ञानावर सरकारने पैसा खर्च केला पाहिजे, हे तो वर्षानुवर्षं ओरडून सांगत राहिला आणि त्यासाठीच्या रॉयल कमिशनचा सचिवही झाला.

त्याच्या चुकाही मोठ्या होत्या. १८७७ मध्ये, आपल्याकडे दख्खनचा भीषण दुष्काळ चालू असताना, त्याने विल्यम हंटरबरोबर लेख लिहून सूर्यावरचे डाग आणि भारतातले दुष्काळ यांचा संबंध जोडला. डागांचं ११ वर्षांचं चक्र बघून दुष्काळाचा अंदाज बांधता येईल, असा तो विचार. तो टिकला नाही. उल्कांच्या टकरीतून सगळं विश्व घडलं, हा त्याचा सिद्धांतही बुडाला. ताऱ्यांच्या उष्णतेत मूलद्रव्यं फुटून आणखी साध्या गोष्टी होतात, असंही तो म्हणायचा आणि लोक वैतागायचे. ते म्हणणं जसंच्या तसं चूक होतं, पण त्यामागची निरीक्षणं खरी होती. सूर्यावरच्या काही रेषा प्रयोगशाळेतल्या ज्योतीपेक्षा वेगळ्या का वागतात, याचं नीट उत्तर १९२० साली मेघनाद साहा यांनी दिलं: उष्णतेने अणूंमधले इलेक्ट्रॉन निघून जातात. क्रोमोस्फिअरवरचा त्यांचा तो निबंध त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये छापून आला. लॉकियर त्याच्या दोनच महिने आधी, १६ ऑगस्टला, वारला होता.

शेवटची काही वर्षं त्याने डेव्हन परगण्यात सिडमथजवळच्या टेकडीवर काढली. सरकारने त्याची लंडनमधली सौर वेधशाळा केंब्रिजला हलवली, ते त्याला मान्य नव्हतं. मग ७६ व्या वर्षी स्वतःच नवी वेधशाळा उभारायला घेतली. ती त्याच्या नावाने आजही चालू आहे.

आणि चंद्राची गरज? ती हळूहळू कमी होतेय. १९३० च्या सुमाराला फ्रान्सच्या बर्नार लिओने दुर्बिणीतच छोटी तबकडी बसवून, उंच डोंगरावरून, ग्रहणाशिवाय करोना बघितला. आपल्या आदित्य-एल१ वरचं व्हीईएलसी हे उपकरण त्याच घराण्यातलं. ५ डिसेंबर २०२४ ला इस्रोच्या पीएसएलव्हीने श्रीहरिकोट्याहून युरोपचे 'प्रोबा-३' हे जोडउपग्रह सोडले. त्यातला एक दुसऱ्यासाठी चंद्र होतो: १.४ मीटरची तबकडी धरून साधारण १५० मीटर पुढे उभा राहतो आणि दुसरा त्याच्या सावलीतून करोनाचे फोटो काढतो, काही मिनिटं नव्हे तर तासन्‌तास. १५० भागिले १.४ करून बघा, १०७ च्या आसपास उत्तर येतं. गच्चीतल्या नाण्याचाच हिशेब.

हे सगळं मी मामाला व्हॉइस मेसेज करून पाठवलं. त्याने ऐकलं असावं, कारण या वेळचा फॉरवर्ड थोडा वेगळा होता. साल १८९८ केलेलं, ओट्यांचा नवा फोटो, खाली नायगमवालांचं नाव. तारीख मात्र १८ ऑगस्टच.